गुप्त्यांच्या दुकानातला खंडोबा

गुप्त्यांच्या दुकानाच्या पायरीवर मी चपला काढल्या, तसा भानू कानाशी येऊन पुटपुटला, "आई, घाल त्या पायात. हे देऊळ न्हाई."

"मग एवढे देव कशाला बसवलेत?" मी म्हटलं.

काचेच्या कपाटात देव ओळीनं बसवले होते. अंबाबाई, म्हसोबा, रांगता बाळकृष्ण, सोंड झिजलेला गणपती. कुणाला हळद नाही, कुणाला फूल नाही. बघायला पाहुणे यायचेत म्हणून पोरींना दामटून बसवावं, तसे सगळे समोर बघत बसले होते. मी चपला पायरीवरच ठेवल्या. हे तर माझ्याआधीच अनवाणी आत गेले होते आणि कपाटाच्या काचेला नाक लावून उभे होते.

हे म्हणजे आमचे मालक, धोंडीराम ओतारी. त्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, कागदावर चालतं. आम्ही शिरवळचे ओतारी. देव ओतणं हा आमचा धंदा. आधी मेणाचा देव करायचा, त्याला मातीत लिंपायचं, माती भाजली की मेण वाहून जातं, त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा आणि गार झाल्यावर माती फोडली की आत देव. आमच्या भागातल्या देवघरांत निम्मे देव ह्यांच्या हातचे. पुढं बाजारात छापाचे देव मिळायला लागले, गुळगुळीत, सगळे एका तोंडाचे, आणि आमच्या भट्टीवर कोंबड्या बसायला लागल्या.

म्हणून तर भानू कारखान्यात गेला. लोखंड ओतायचा कारखाना होता. ओतकाम त्याच्या हातातच होतं, साहेब खूश होते. मग एक दिवस कारखान्याला टाळं लागलं आणि भानू घरी बसला. त्याची बायको शालन दिवाळीला माहेरी गेली ती परतली नाही. नातही तिच्याबरोबर. शालनचा भाऊ पोस्टात शिक्के मारायचा, आणि त्याला वाटायचं की साऱ्या दुनियेवर आपणच शिक्का मारतो. मी सुनेला आणायला गेले तर मला उंबऱ्यातच थांबवून म्हणाला, "मावशी, भानुदासरावांना कायमचं काम लागू दे. मग मी स्वतः बहिणीला आणून सोडतो. तोवर न्हाई."

"तुझ्या बहिणीला आम्ही उपाशी ठेवली का?"

"अजून न्हाई," तो म्हणाला.

मी त्यांच्या घरचं पाणीसुद्धा प्याले नाही. शालन आत चुलीपुढं होती. ती बाहेर आली नाही. नात तेवढी पडद्याआडून डोकावली, आणि मामानं तिला दंडाला धरून आत ओढली. ते मी बघितलं, आणि ते मला पुष्कळ दिवस पुरलं.

गुप्ते आम्हाला मिळाले ते असेच कुणाच्या ओळखीनं. पुण्यात त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान. दारं, खांब, दिवे, अडकित्ते, देव. लोकांनी माळ्यावरून खाली काढलं की ते गुप्त्यांच्या दुकानात वर चढायचं. त्यांच्याकडं एक अंबाबाई आली होती, हात मोडलेली. भानूनं नवा हात करून जोडला, आणि असा जोडला की जोड कुठं आहे ते गुप्त्यांना भिंग लावून हुडकावं लागलं. तेव्हा ते भानूला म्हणाले, मागं शेड आहे, कायमचा कामाला ये, मोडक्या मूर्ती नीट करायच्या. "पण एकदा वडिलांना घेऊन ये. तुमचं घराणं बघू दे."

म्हणून आम्ही एसटीनं पुण्याला आलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच म्हटलं, बाप मुका आणि लेक लाजरा. बोलायला कुणीतरी पाहिजे.

एसटीत मी ह्यांना बजावलं होतं, "तिथं कमी बोला."

"मी कधी जास्त बोलतो?"

"एरवी न्हाई. देव दिसला की बोलता."

हे हसले. हसले की त्यांचे डोळे पार मिटून जायचे. पांढरा शर्ट मी आदल्या दिवशीच नीळ घालून धुतला होता. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते.

"या, या, ओतारी. या बाई." गुप्ते आतून आले. गोरे, मऊ आवाजाचे गृहस्थ. बोलताना प्रत्येक शब्द कापसात गुंडाळून द्यायचे. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. कप इतके पातळ, की धरताना फुटतील असं वाटावं. ह्यांनी चहा बशीत ओतला. भानूनं डोळे मोठे केले. मग मीही बशीत ओतला, आणि भानूकडं बघत फुर्रकन प्याले.

"काय आहे ओतारी," गुप्ते म्हणाले, "आम्ही पुस्तकं वाचून बोलतो. तुमच्यासारख्या माणसानं वस्तू हातात घेऊन दोन शब्द सांगितले, की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो."

"काय सांगायचं असतं?" ह्यांनी विचारलं.

"हेच. काम जुनं आहे. असं काम आता होत नाही."

"होतं की," हे म्हणाले. "भानूला सांगून बघा."

मी ह्यांचा गुडघा हळूच दाबला. गुप्ते हसले आणि भानूकडं वळले. "शेड बघून घेतलीस ना? हवेचा पंखा बसवलाय, भाता मारायला नको. एक तारखेपासून ये असं माझ्या मनात आहे. आत्ता मुंबईच्या रणदिवे बाई यायच्यात. त्यांच्यासाठी एक वस्तू राखून ठेवली आहे. त्या गेल्या की आपण तुझं पक्कं करून टाकू. तुम्ही सगळे बसा इथंच. बाईंना खरा ओतारी भेटला तर आवडेल."

भानूनं मान हलवली. मागच्या शेडचं दार उघडं होतं. आत नवीन भट्टी दिसत होती, विटासुद्धा अजून लाल. भानू तिच्याकडं असा बघत होता, जसा लहानपणी जत्रेतल्या पाळण्याकडं बघायचा. बस म्हटलं की बसणार, आणि कुणी म्हणेपर्यंत जागचा हलणार नाही.

रणदिवे बाई आल्या. केस पांढरे, कापलेले, अंगावर जाडीभरडी पण भारी साडी. बाई चांगल्या होत्या, खोटं कशाला सांगू. आम्ही ओतारी म्हटल्यावर त्यांनी ह्यांना वाकून नमस्कार केला आणि माझं नाव विचारलं. मी अनसूया सांगितलं. एरवी मला कुणी नाव विचारत नाही.

गुप्त्यांनी आतून लाल फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणली, आमच्यासमोरच्या मेजावर ठेवली आणि फडकं उलगडलं. घोड्यावरचा खंडोबा. मागं म्हाळसा बसलेली, घोड्याच्या पायाशी कुत्रा. वर्षानुवर्षं हात फिरून घोड्याची मान लोण्यासारखी झाली होती. म्हाळसेच्या चोळीच्या खाचेत भंडारा तसाच बसलेला होता.

"एका देशमुखांच्या देवघरातला," गुप्ते सांगायला लागले. "घरची माणसं सांगतात की त्यांच्या मूळपुरुषानं बसवला. अडीचशे-तीनशे वर्षं तरी धरायला हरकत नाही. ही कुत्र्याची शेपटी बघा, काळाच्या ओघात गेलेली आहे. पण त्यानं शोभा कमी होत नाही, वाढते."

"अरे," हे म्हणाले.

बाजारात एवढ्या गर्दीत अचानक आपल्या गावचा माणूस दिसावा, तसं म्हणाले. खुर्चीवरनं उठून मेजापाशी गेले.

"हा आपला हाय."

"आपला म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या हातचा. अंबवड्याच्या देशमुखांचा न्हवं का, साहेब? तोच." ह्यांचे डोळे मिटून गेले होते. "शेपटी कुठं गेलीबिली न्हाई, बाई. आलीच न्हाई ती. हा भानू तान्हा होता, त्याला गोवर आला होता. अंग नुसतं भट्टीसारखं. हिनं आतनं हाक मारली, तसा मी मूस तशीच ठेवून आत पळालो. परत येऊन ओतलं, पण तोवर रस आळायला लागला होता. घोड्यापर्यंत गेला, कुत्र्यापर्यंत गेला, शेपटीपर्यंत काय पोचला न्हाई. मी देशमुखांना म्हटलं, पुन्हा ओतून देतो. थोरले देशमुख म्हणाले, राहू दे, कुत्रा राखणीला ठेवायचाय, शेपटी हलवायला न्हाई."

बाई हसल्या. गुप्ते हसले नाहीत.

ह्यातला शब्दन् शब्द खरा होता. भानूचं ते तापलेलं अंग मला आजही मांडीवर जाणवतं. देशमुखांचा जुना देव झिजून नाक-डोळे गेले होते, म्हणून त्यांनी तो आमच्याकडं आणला होता. आमच्यात रीत अशी, की झिजलेला देव मोडीत घालायचा नाही. वितळवून त्याचंच पितळ नव्या रसात घालायचं. देव तोच राहतो, अंग तेवढं नवं होतं. तेव्हा देशमुखांकडं कुणी विचारलं तर ते मूळपुरुषाचा देव असंच सांगणार, आणि त्यात त्यांचं खोटं काही नाही. गुप्त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. त्यांचंही खोटं नाही. ह्यांचं तर नाहीच. त्या खोलीत खोटं बोलायला एकटी मीच उरले होते.

"ओतारी, तुमची काहीतरी गल्लत होतेय," गुप्ते म्हणाले. आवाज आणखी मऊ झाला होता.

"न्हाई साहेब. स्वतःचं पोर माणूस विसरंल का?"

गुप्त्यांनी भानूकडं बघितलं. नुसतं बघितलं. भानू फरशीकडं बघत होता आणि त्याचे कान तांबडे झाले होते. मग गुप्ते उठले आणि मागच्या शेडचं दार ओढून घेतलं. ऊन येतंय म्हणाले. त्या दारातून ऊन येत नव्हतं.

रणदिवे बाई माझ्याकडं वळल्या. "अनसूयाबाई, तुम्हाला आठवतं का असं काही?"

मला पडद्याआडून डोकावणारी नात दिसली. तिच्या दंडावरचा तो हात दिसला.

"त्यांचं मनावर घेऊ नका, बाई," मी म्हटलं. "अलीकडं त्यांचं असंच होतंय. कुठलाबी देव दिसला की आपलाच म्हणतात. परवा मारुतीच्या देवळातल्या घंटेला आपली म्हणाले. पुजारी हसायला लागला."

घंटेचं मी जागच्या जागी रचलं. मला काही जुळवावं लागलं नाही, तोंडातून आपोआप आलं.

हे माझ्याकडं वळले. रागावले नव्हते. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"अगं, असं काय करतीस? गोवर आठवत न्हाई तुला?"

"गोवर सगळ्याच पोरांना येतो," मी म्हटलं.

"बरं, मग पोटात बोट घाल." ते बाईंकडं वळले. "घोडा पोकळ असतो, बाई. मेणाचा करताना आतनं अंगठ्यानं दाबून दाबून पातळ करायचा, म्हणजे पितळ कमी लागतं. दाबल्याच्या खुणा आत तशाच उठतात. ह्या अंगठ्यावर माझ्या लहानपणी रसाचा थेंब पडला होता." त्यांनी अंगठा पुढं केला. अंगठ्यावर आडवी खोल खाच होती. "तिचा वळ प्रत्येक खळग्यात येतो. बोट घातलं की लागंल."

"कशाला उगीच," गुप्ते म्हणाले. "एसटीनं दमून आलेत ते. चहा आणखी सांगू का?"

"बघू दे ना," रणदिवे बाई म्हणाल्या. "अनसूयाबाईच बघतील." त्यांनी तो खंडोबा उचलला, आडवा केला आणि माझ्या हातात दिला.

मी घोड्याच्या पोटात बोट घातलं. थंडगार होतं. पहिला खळगा लागला, आणि खळग्याच्या मधोमध आडवा, बारीक, उठलेला वळ. त्याच्या शेजारी दुसरा खळगा, तसाच वळ. तिसरा. त्या अंगठ्याला मी लग्नात पहिल्यांदा हात लावला होता. त्यानंतर तो मला माझ्या स्वतःच्या अंगठ्याइतका पाठ झाला होता. अंधारात कुणी दहा अंगठे पुढं केले असते तर मी तो ओळखून काढला असता. मी बोट उगीच इकडंतिकडं फिरवलं, शोधल्यासारखं केलं. सगळे माझ्याकडं बघत होते.

"काही न्हाई," मी म्हटलं. "आतनं साफ गुळगुळीत हाय."

आणि देव मेजावर ठेवला.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग भानूकडं. मग त्या ओढून घेतलेल्या दाराकडं. वितळलेला रस ओतायच्या आधी जसे मुशीत निरखून बघायचे, तसे सगळं बघून घेत होते. मग त्यांनी मान हलवली.

"असंल," हे म्हणाले. "हिचं बरोबर असंल. मला हल्ली... चुकतं माझं." त्यांनी बाईंना हात जोडले. "देव चांगला हाय, बाई. जुना हाय. असं काम आता होत न्हाई. न्या तुमी."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ह्यांच्या दंडावर हात ठेवला आणि मला हळूच म्हणाल्या, "माझ्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं. तुम्ही धीर धरा. त्यांना रागावत जाऊ नका." मी बरं म्हटलं. त्यांनी माझा हात दाबला, आणि मी तो दाबून घेतला.

खंडोबा लाल फडक्यात बांधून मुंबईला गेला. भानूला एक तारखेपासून ये म्हणून सांगितलं गेलं. गुप्त्यांनी दारापर्यंत येऊन माझा निरोप घेतला, ह्यांचा नाही.

परतीच्या एसटीत भानूनं बापाला खिडकीची जागा दिली. स्वारगेटवर केळी घेतली होती, त्यातलं एक सोलून, अर्धं करून ह्यांच्या हातात दिलं. कधी नव्हे ते.

"आई, मला का न्हाई सांगितलंस तू?" तो माझ्याकडं वाकून म्हणाला. "असं कधी कधी होतं आप्पांना, हे मला कळाय नको? डॉक्टरला दाखवू आपण."

"वयाचं हाय. दाखवून काय व्हायचंय."

"तरीपण. आता पगार सुरू होईल. तिथं मोठे डॉक्टर हायेत."

हे खिडकीतून बाहेर बघत केळ खात होते. सारं ऐकू येत होतं त्यांना. शिरवळ काही लांब नाही, खंबाटकीच्या घाटाच्या अलीकडंच लागतं. त्या दिवशी मात्र मला रस्ता संपतच नाही असं वाटत होतं. आणि तिथं, त्या एसटीत, मला ते वाक्य सुचलं जे दुकानात सुचायला हवं होतं. बाई, पितळ जुनं हाय, देव जुना हाय, हात तेवढा आमच्या माणसाचा. एवढं म्हटलं असतं तर रणदिवे बाईंनी कदाचित जास्तच आनंदानं देव नेला असता. त्या तशातल्या होत्या. गुप्त्यांचंही काही बिघडलं नसतं, किंवा बिघडलं असतं. ते आता कुणाला ठाऊक.

घरी आल्यावर मी वाट बघत होते. हे विचारतील, भांडतील, ताट सारतील. माझी उत्तरं तयार होती. भांडणात मी कुणाला हार गेलेली नाही. भाकरी वाढताना मीच म्हटलं, "भानूचं झालं एकदाचं."

"हं."

"त्या शिक्केवाल्याच्या दारात मी पुन्हा जाणार न्हवते."

"हं. पोर येईल आता घरी," हे म्हणाले. "जरा मीठ दे."

मी मीठ दिलं. त्यावर बोलणं झालं ते एवढंच.

शालनला तिच्या भावानं बोलल्याप्रमाणं आणून सोडलं. पेढे आणले होते. मी पेढा घेतला, पाणीही दिलं, चांगलं वागले. नात ओसरीभर पळायला लागली. भानू सोमवारी पहाटे पुण्याला जायचा, शनिवारी यायचा. गुप्ते त्याच्यावर खूश होते. घरात तेल आलं, साखर आली, सुनेच्या अंगावर नवी साडी आली. मला काय हवं होतं ते सगळं आलं.

शालन गुणाची पोर. भानूनं तिला सांगून ठेवलं होतं, आणि ती मनापासून करायची. ह्यांच्याशी मोठ्यानं बोलायची, जसं बहिऱ्याशी बोलतात, किंवा बाळाशी. "आप्पा, हे काय हाय? आमटी हाय. गरम हाय हं." हे म्हणायचे, "हो का." ती त्यांची नखं कापायची. नातीला सांगायची, आजोबांना त्रास देऊ नको, त्यांना बरं नसतं. काड्यापेटी तिनं वर फळीवर ठेवून दिली. एकदा ह्यांनी कोंबड्या हाकलून भट्टी झाडायला घेतली, तर ती धावत आली, हाताला धरून त्यांना ओसरीवर बसवलं आणि मला म्हणाली, "आत्या, लक्ष ठेवाया पाहिजे. पेटवून बसतील एखाद्या दिवशी." मी तिच्याकडून झाडू घेतला आणि राहिलेलं अंगण झाडून काढलं.

पुढं भानू एकदा टेम्पो घेऊन आला. भाता, मुशी, पकडी, मेणाच्या लाद्या, सगळं पुण्याच्या शेडमध्ये न्यायचं म्हणाला. इथं आप्पांच्या हाताशी नको. मला वाटलं, आता हे बोलतील. हे उठले आणि पकडी स्वतः उचलून टेम्पोत ठेवल्या. जड मूस नीट खाली टेकली की नाही ते बघितलं. भानूला म्हणाले, "हिला ओल लागू देऊ नको."

"बरं आप्पा," भानू मोठ्यानं म्हणाला.

सांगावं असं मला वाटलं नाही असं नाही. शनिवारी भानू जेवायला बसला की ओठांवर यायचं. पण भानू म्हणजे ह्यांचाच लेक. त्याला कळलं असतं तर सोमवारी जाऊन गुप्त्यांच्या तोंडावर सांगून आला असता, आणि मंगळवारी शिक्केवाला दारात उभा असता. शालन ताटात भात वाढायची, नात बापाच्या मांडीवर बसायची, आणि मी म्हणायचे, पुढच्या शनिवारी. ह्यांना एकट्यात तरी सांगायचं. पण त्यांना काय सांगणार? त्यांना सगळं ठाऊकच होतं. आणि ते कधी बोललेच नाहीत, म्हणून मग मीही बोलले नाही. चारचौघांत तर मला मान होता. बायका म्हणायच्या, अनसाबाईंनी कसं सांभाळलंय नवऱ्याला. मी म्हणायचे, आपलं माणूस आहे, सांभाळायलाच पाहिजे.

हे ओसरीवर बसून असायचे. बोलणं कमी करत करत हो आणि न्हाईवर आणलं. कुणी काही विचारलं की आधी माझ्याकडं बघायचे. पावणे आले, कधी आलात विचारलं, की माझ्याकडं बघायचे. मी सांगायचे, मग ते मान हलवायचे. पहिल्यांदा मला वाटलं, हे मला टोचतायत. मग बघून बघून कळलं की तसं नाही. मी एकदा चारचौघांत जे म्हटलं होतं ते खोटं पडू नये, एवढीच ते काळजी घेत होते. आणि घेता घेता, त्यांना खरंच किती आठवतं आणि किती नाही, हे माझं मलाही कळेनासं झालं.

एका दुपारी लोणंदकडची एक बाई आली. लांबून चालत आलेली, पायावर धूळ. ओसरीच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "धोंडीराम ओतारी इथंच ऱ्हातात का?"

मी आत कणीक मळत होते. शालन तांदूळ निवडत होती. ह्यांचा आवाज आला, "हं."

"आमच्या सासूबाईंनी धाडलंय. मरायला टेकल्यात, पण देवाचं डोक्यात घेतलंय. म्हणतात, करायचा तर त्यांच्याच हातनं करून आण." फडकं सोडल्याचा आवाज झाला. "आमचा भैरोबा. बघा की, तोंड पार गेलंय त्याचं. हेच पितळ घालून नवा करून द्याल न्हवं?"

मी दारापाशी आले. ह्यांनी तो देव हातात घेतला होता. नाक नाही, डोळे नाहीत, पितळेचा एक गुळगुळीत गोळा. त्यांची बोटं त्याच्यावर फिरली, खांद्यावरून खाली, तलवारीच्या हातापर्यंत, मग पाठीवर थांबली. तोंड कुठं होतं, मुकुट कुठवर होता, ते बोटांनी बरोबर शोधून काढलं. मी उभ्या उभ्या बघत होते. काहीही विसरलेलं नव्हतं.

मग त्यांनी देव त्या बाईच्या ओटीत परत ठेवला.

"मला न्हाई जमायचं, बाई," ते म्हणाले. "हल्ली मला कळत न्हाई. घरात विचारा."

बाईनं माझ्याकडं बघितलं आणि कपाळाशी बोटं फिरवून खुणेनंच विचारलं. शालन माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. तिनंच मान हलवून हो म्हटलं.

"फलटणला एक ओतारी हाय," मी म्हटलं. "त्याच्याकडं जा."

"फलटणला? आमच्या सासूबाई काय ऐकायच्या न्हाईत." बाई हळहळली. "एवढा मोठा कारागीर. कधीपासनं झालं हो असं?"

माझे हात कणकीनं भरलेले होते. मी ते पदराला पुसायला लागले. शालन माझ्याकडं बघत होती. तिलाही हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं, पण त्या दुपारी मला एवढ्याशा गोष्टीला उत्तर सुचेना.

"आम्ही पुण्याला गेलो होतो," हे म्हणाले. "तेव्हापासनं."

आवाजात राग नव्हता. माझ्याकडं बघितलंही नाही. बाईनं अरेरे म्हटलं आणि भैरोबा पुन्हा फडक्यात बांधला.